घसा बसला, जुनी इंदूर उठली

जुनी इंदूर भागात कुजबुजायची पद्धत नाही. समोरच्या ओट्यावरच्या माणसाला काही सांगायचं तर मधल्या रस्त्यावरची रिक्षा, कचरागाडीचं गाणं आणि एखादी वरात या तिन्हींच्या वरून सांगावं लागतं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथले घसे आपोआप तयार झालेत. पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या सकाळी हमखास दचकून विचारतो, "भांडण कशावरून चाललंय?" भांडण नसतं. काकांनी दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त आणायला सांगितलेलं असतं.

अशा या भागात गेल्या जानेवारीच्या सात तारखेला सकाळी काकांचा घसा बसला.

काका म्हणजे रावजी बाजाराच्या अंगाला राहणारे, अख्ख्या गल्लीचे काका. स्टेट बँक ऑफ इंदूरमधून निवृत्त झालेले. होळकरांच्या राज्यात १९२० साली निघालेली ही बँक २०१० मध्ये मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हापासून काका सरकार या विषयावर जरा चढ्या आवाजात बोलतात. त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखी खाली हाक मारली, "भिया, दोन प्लेट पोहे, सेव जास्त!" तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण बाहेर पडला तो जुन्या दाराच्या बिजागरीचा आवाज. पोहेवाल्याने वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा वाफेवरच्या पोह्यांत डाव घातला. काकांचा चेहरा दिसत असताना त्यांचा आवाज ऐकू न येणं हे त्याच्या हिशोबात बसेना.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. आदल्या रात्री काका सराफ्यात गेले होते. दिवसा सोनं विकणाऱ्या या बाजारात रात्री सोनारांची शटरं खाली आली की त्याच पायऱ्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात. थंडीत तिथे गराडू मिळतो. गराडू म्हणजे एक कंद. त्याचे तुकडे कडकडीत तेलात तळायचे, वरून तिखट मसाला भुरभुरायचा आणि लिंबू पिळायचं. काकांनी दोन प्लेटी खाल्ल्या. मग जिभेची आग विझवायला शिकंजी घेतली. इंदुरात शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, सुकामेवा घातलेलं घट्ट दुधाचं ते एक थंडगार प्रकरण आहे. आधी उकळतं तेल, मग बर्फाचा गारठा, वर जानेवारीतल्या रात्री दोन वाजता मफलर न घेता पायी घरी. घशाने राजीनामा दिला तो याच मुद्द्यांवर, असं काकूंचं म्हणणं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं निघालं. ते पुढे येईल.

जुनी इंदूर 'जुनी' का, हे इंदुरातल्याच निम्म्या लोकांना सांगता येत नाही. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठची ही वस्ती होळकरांच्याही आधीची, जमीनदार राव नंदलाल चौधरींच्या वेळची. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये राजवाड्याचं काम काढलं आणि नवं शहर नदीच्या पलीकडे वाढलं. गावाचं नावही जुन्या काठावरच्या इंद्रेश्वर महादेवावरून आलं असं मानतात. मग मराठी माणसं आली आणि त्यांनी येताना अर्धी पंढरी सोबत आणली. इथे चंद्रभागा नावाची वस्ती आहे आणि पंढरीनाथ नावाचं पोलीस ठाणंही आहे. वारीला न जाता पंढरीनाथाच्या दारात हजेरी लावण्याची सोय हिंदुस्थानात बहुधा इथेच असावी. त्या दारातून बाहेर यायला मात्र जामीनदार लागतो.

तर अशा वस्तीत घसा बसल्याची बातमी लपून राहणं शक्य नव्हतं. नऊ वाजेपर्यंत पहिला काढा आला.

शेजारच्या वहिनींनी हळदीचं दूध आणलं. कोपऱ्यावरच्या वैद्यबुवांनी सितोपलादी चूर्ण आणलं आणि सोबत त्याचं अंकगणितही. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. काकांनी बोटांवर आकडे मोजून पाहिले. सोळा, आठ, चार, दोन, एक. दर पायरीला निम्मं. एखाद्या पक्षाच्या आमदारांचा पाच निवडणुकांतला आलेख असावा तसं ते चूर्ण त्यांना वाटलं. हा विनोद मोठ्याने करता आला नाही याचंच दुःख त्यांना घशापेक्षा जास्त झालं. सियागंजात मसाल्याचं दुकान असलेल्या एका बोहरी मित्राने जोशांद्याची पुडी पाठवली. उन्नाब, बनफशा, गावजबान आणि मुलेठी. काकूंनी मुलेठीचा तुकडा ओळखला. तो त्यांच्याच डब्यातल्या ज्येष्ठमधाचा सख्खा भाऊ होता. वैद्यबुवांच्या दुसऱ्या पुडीतही तोच, हकिमाच्या काढ्यातही तोच, आणि इंग्रजांकडे याच मुळाच्या काळ्या गोड वड्या होतात. धर्म, पंथ, पॅथी काहीही असो, घसा दुखला की सगळे एकाच मुळाशी येतात. काकूंनी मात्र तिन्ही पुड्या वेगळ्या ठेवल्या, प्रत्येक पाहुण्यासमोर त्याचीच पुडी ओट्यावर दिसावी म्हणून. आघाडीचं सरकार चालवण्याचं कसब यापेक्षा फार वेगळं नसतं.

दुपारी काका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चमचा जिभेवर दाबला, बॅटरी मारली, मान चाचपली, ताप पाहिला आणि सांगितलं की हा विषाणूचा प्रकार आहे, गराडू फक्त निमित्त. बहुतेक घसे विषाणूनेच धरतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जिवाणूचा, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसचा घसा वेगळा. तो मुलांमध्ये जास्त, त्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे हृदयाच्या झडपांपर्यंत जातो, म्हणून त्याला औषध पुरतं घ्यावं लागतं. तुम्हाला तो नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, पाणी प्या, आठवडाभर गप्प बसा. आवाज तीन आठवड्यांत परतला नाही तर मात्र कान-नाक-घसावाल्यांकडून आत दुर्बीण घालून बघायचं. गुटखा-तंबाखूच्या या गावात ते अजिबात टाळायचं नाही.

एवढं सांगून डॉक्टरांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. काका खुर्चीतून उठेनात. फी दिली आणि गोळी नाही, हे जुनी इंदूरच्या अर्थशास्त्रात बसत नाही. शेवटी डॉक्टरांनी एक जपानी गोष्ट सांगितली. तिथे ३८७ निरोगी माणसांवर हिवाळ्यात प्रयोग केला. काहींना साध्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या, काहींना आयोडीनच्या औषधाने, आणि उरलेल्यांना नेहमीसारखं वागू दिलं. २००५ मध्ये निकाल छापून आला. साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी झालं, आणि महागड्या आयोडीनवाल्यांना फारसा फायदा नाही. काका खूश झाले. आता त्यांच्याकडे औषध नव्हतं, पण आकडा होता. आकडा असला की जुनी इंदूरचा माणूस आठवडा काढू शकतो.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक पथ्य घातलं. कुजबुजायचंही नाही. घोगऱ्या आवाजात जोर लावून कुजबुजलं तर स्वरतंतूंवर ताणच येतो. बोलायचं नाही म्हणजे अजिबात नाही.

घरी आल्यावर नातवाची पाटी काकांच्या हाती आली.

मौनाला या देशात मोठी परंपरा आहे आणि तिचे दोन मोठे मानकरी इंदूरला येऊन गेलेत. पहिले गांधीजी. १९१८ आणि १९३५ अशा दोन्ही वेळेला हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते इथे आले. (१९३५ सालीच मराठी साहित्य संमेलनही इंदुरात भरलं होतं. एका वर्षात दोन भाषांची संमेलनं पचवणारं गाव आहे हे.) गांधीजी सोमवारी बोलत नसत. २ जून १९४७ रोजी फाळणीचा आराखडा माउंटबॅटननी पुढाऱ्यांसमोर ठेवला, आणि तो नेमका सोमवार होता. गांधीजी व्हाइसरॉयना भेटले आणि वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने लिहून उत्तरं दिली. माउंटबॅटनला हायसं वाटलं असं इतिहासकार सांगतात. देशाचे दोन तुकडे व्हायच्या घडीला सर्वांत मोठा विरोधक पाकिटाच्या पाठीवर लिहीत होता, हे वाचून काकांना आपल्या पाटीविषयी एकदम आदर वाटू लागला.

दुसरे विनोबा. १९६० मध्ये ते इंदुरात राहिले, सफाईचा धडा देऊन गेले आणि विसर्जन आश्रम मागे ठेवून गेले. शहर स्वच्छतेत देशात पहिलं यायला पुढे बरीच वर्षं लागली, पण झाडू आधी इथे विनोबांनीच दाखवला होता असं जुने लोक अभिमानाने सांगतात. त्याच विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचं मौन धरलं आणि सहा महिन्यांत आणीबाणी आली. बोलायचं नाही, अशा अवस्थेत त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द बाहेर आले आणि सरकारने ते उचलून भिंतीभिंतीवर लावले. त्यांना अभिप्रेत होतं ते आचार्यांचं अनुशासन, हे नंतर त्यांनी सांगितलं. तोवर त्यांच्या नावापुढे 'सरकारी संत' चिकटून गेलं होतं. गप्प बसलेल्या माणसाचे दोन शब्द बोलणाऱ्याच्या दोन भाषणांपेक्षा जास्त महाग पडतात, ते हे असे.

काकांवरही तीच पाळी आली. फोन येत राहिले आणि काकू उचलत राहिल्या. काकांच्या वतीने बोलणाऱ्या त्या अधिकृत प्रवक्त्या झाल्या. घोटाळा एवढाच की या घरातली दोन मतं १९८९ पासून वेगवेगळ्या पेट्यांत पडतात. त्या वर्षी इंदुरातून सुमित्राताई महाजन पहिल्यांदा लोकसभेला उभ्या राहिल्या आणि माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद सेठींना त्यांनी हरवलं. काकू तेव्हापासून ताईंच्या. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदुरात येते आणि सलग आठ वेळा खासदार होते, यावर काकूंचं एक छोटं भाषण आहे. काका सेठींचे. त्यामुळे "काका काय म्हणतात?" या प्रश्नाला काकू देत असलेली उत्तरं ऐकून काका आतल्या खोलीत पाटीवर खडू आपटत होते. प्रवक्त्याचं खंडन करायलाही आवाज लागतो, हे पक्षाध्यक्षांना कधी जाणवत नाही.

ताईंचा विषय निघाला म्हणून सांगायला हवं, इंदूरने देशाला दोन प्रकारचे स्पीकर दिले. एक देवळाच्या कळसावर बांधतात तो. दुसरा २०१४ ते २०१९ लोकसभेत बसला. पहिला बंद करायला नियम आहेत, दुसऱ्याचं काम इतरांना बंद करण्याचं. ऑगस्ट २०१५ मध्ये ताईंनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं होतं. सतत "बसा, खाली बसा" म्हणायचं हे आसन; घशाच्या डॉक्टरांनी ते कुणालाही लिहून देऊ नये.

पहिल्या स्पीकरचे नियम तर भलतेच मजेदार आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. आता दोन माणसं समोरासमोर साधं बोलली तरी आवाज साठाच्या आसपास जातो. म्हणजे कायद्याच्या काटेकोर दृष्टीने जुनी इंदूरमधली प्रत्येक विचारपूस मर्यादेच्या बाहेर. काकांची पोह्यांची हाक तर थेट गुन्हाच. मध्य प्रदेशात डॉ. मोहन यादवांनी १३ डिसेंबर २०२३ ला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि पहिला आदेश काढला तो याच भोंग्यांबद्दल, धार्मिक स्थळांवरचे मर्यादेबाहेरचे भोंगे खाली आणा. इतर राज्यांत हा वाद वर्षानुवर्षं चघळला जातो. इथे काही भोंगे उतरले, काहींचा आवाज उतरला, आणि काही भक्तांनी स्वतःच्याच गळ्यावर भरवसा ठेवला. काकांसारख्यांना त्याची कधी अडचण आली नाही. आरतीला त्यांचा आवाज असला की कर्णा लागतच नसे. त्या आठवड्यात आरती दोन सूर खाली गेली, असं गल्लीतल्या मुलांचं निरीक्षण.

देवांमध्ये घशाचं खातं कुणाकडे, यावर काकांनी पाटीवर एक टिपण काढलं. उत्तर घराजवळच होतं. इंद्रेश्वर, म्हणजे महादेव. हलाहल त्याने गिळलं नाही, थुंकलं नाही, घशात ठेवलं. पुराणिक सांगतात की विष खाली उतरू नये म्हणून पार्वतीने त्याचा गळा आवळून धरला. जगाच्या भल्यासाठी गळा दाबला गेल्याचं हे एकच खात्रीलायक उदाहरण. आणि इंद्रेश्वराला पाऊस लांबला की गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवण्याची रीत आहे. देवाच्या गळ्याशी आलं की देव मनावर घेतो. नगरपालिकेचंही काम याच तत्त्वावर चालतं.

ख्रिस्ती लोकांनी हे खातं रीतसर वाटून दिलंय. संत ब्लेझ, घशाचा संत. मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला, तो त्याने काढला अशी कथा. तीन फेब्रुवारीला त्याच्या सणाला पाद्री दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून भाविकांच्या गळ्याला लावतात आणि आशीर्वाद देतात. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्याचं चर्च आहे. मासे खाणाऱ्या गोव्यात काट्याचा संत असणं ही शुद्ध सोय आहे. माळव्यात अशी गरज पडली तर गराडूचा संत शोधावा लागेल.

मधल्या शनिवारी काका शनिमंदिरात गेले. जुनी इंदूरचा शनी हा इतर गावांतल्या शनीसारखा नुसता काळा दगड नाही. त्याचा साजशृंगार करतात, पोशाख घालतात. शनिजयंतीला इथे गवई गाऊन जातात. ज्या देवाला सगळा देश घाबरतो त्याच्यापुढे ख्याल आळवणारं गाव आहे हे. काकांनी हात जोडले, तेल वाहिलं. मनातलं मागणं ओठांवर येता येता त्यांना आठवलं की बोलायचं नाही. नवस मनातल्या मनात बोलला तर चालतो का, हे पाटीवर लिहून त्यांनी पुजाऱ्यांना विचारलं. पुजारी म्हणाले, "काका, शनीला ऐकू कमी आणि दिसतं जास्त." याहून चांगलं धर्मशास्त्र त्या आठवड्यात दुसरं कुणी सांगितलं नाही.

खरी परीक्षा ओट्यावर होती. संध्याकाळी समोरचे गुप्ताजी येऊन बसत आणि रोजचा विषय काढत. २०२४ ची लोकसभा. इंदूरचा तो किस्सा देशाला माहीत आहे. काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला, बिनविरोध झालेल्या सुरतेइतकी नाही तरी निवडणूक जवळजवळ एकतर्फी झाली, आणि काँग्रेसने लोकांना सांगितलं, 'नोटा'चं बटण दाबा. निकाल लागला तेव्हा भाजपचे शंकर लालवानी अकरा लाख पंचाहत्तर हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. दोन नंबरवर कुणी माणूस नव्हताच. तिथे होता नोटा, २,१८,६७४ मतं घेऊन. त्याआधीचा देशातला विक्रम बिहारच्या गोपालगंजचा होता, पन्नास हजारांच्या थोडा वर. इंदूरने तो चौपट केला. स्वच्छतेत पहिलं, नकारातही पहिलं.

"म्हणजे बघा काका," गुप्ताजी म्हणत, "दोन लाख लोकांचा गळा बसला होता त्या दिवशी. तुम्ही कोणतं बटण दाबलं?"

काका पाटी घेत. लिहायला सुरुवात करत, 'मी २०२४ ला…' तेवढ्यात गुप्ताजी पुढे निघून गेलेले असत. नोटावरून ते अर्ज मागे घेण्यावर, तिथून पक्षांतरावर, तिथून १९८४ मध्ये दंगलीत राजवाड्याला लागलेल्या आगीवर. काकांची ओळ पूर्ण व्हायची तेव्हा वादात मल्हारराव आलेले असायचे. बोलणाऱ्यांच्या लोकशाहीत लिहून मत देणाऱ्याचं काय होतं, ते त्या पाटीवर रोज दिसत होतं. काकांनी एकदा चिडून 'थांबा!' लिहिलं. गुप्ताजींना वाटलं, चहा येतोय. ते थांबले.

मराठीत राजकारण घशाशिवाय बोलताच येत नाही, हेही काकांना याच दिवसांत उमगलं. आवाज उठवायचा, आवाज दाबायचा, गळचेपी करायची, निर्णय गळी उतरवायचा, जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, केसाने गळा कापायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गळा काढायचा. पोटाच्या नावाने होणारं सगळं काम प्रत्यक्षात घसाच करतो. आजारी पडला तर बातमीही होते. केजरीवालांचा खोकला आणि मफलर वर्षानुवर्षं व्यंगचित्रांत राहिले आणि २०१६ मध्ये बंगळुरूला शस्त्रक्रिया करावी लागली. काकूंच्या मते त्यांनी आधी सितोपलादी घेऊन पाहायला हवं होतं.

न बोलता राज्य करायची गोष्ट इथल्या होळकर घराण्याच्याच इतिहासात आहे. अहिल्याबाईंच्या हुकमांवर 'श्रीशंकर आज्ञेवरून' असं लिहिलेलं असे. म्हणजे हुकूम शंकराचा, राज्य त्याचं, बाई फक्त कारभारी. धर्म आणि राजकारण एकाच ओळीत बसवलेले, आणि आवाज कुणाचाच नाही. हल्ली दोन्ही एकत्र आले की आधी ध्वनिवर्धकवाल्याला बोलावतात.

बारा तारखेला रात्री काकांनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि जुनी कॅसेट लावली. कुमार गंधर्वांची. १२ जानेवारी १९९२ ला कुमारजी देवासला वारले. इंदुरातल्या मराठी घरांत ही तारीख सांगावी लागत नाही. देवास इथून तासाभराच्या वाटेवर. १९४८ मध्ये क्षयाने खंगलेला एक तरुण गवई माळव्याच्या हवेसाठी तिथे आला. डॉक्टरांनी गायची सक्त मनाई केली. पाचेक वर्षं तो माणूस गायला नाही. पडल्या पडल्या बायकांची लोकगीतं, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे सूर, भिकाऱ्यांची निर्गुणी भजनं ऐकत राहिला. नवीन औषध आलं, तब्येत सुधारली आणि १९५३ मध्ये तो पुन्हा मंचावर आला, एका फुप्फुसाच्या बळावर. गाणं पूर्वीचं राहिलं नव्हतं. छोट्या श्वासात मावेल असं, ताना तुटक, पण प्रत्येक सूर जागेवर. पुढे गांधीजींवर 'गांधी मल्हार' नावाचा राग बांधणाराही हाच.

काका पाच दिवस गप्प बसून वैतागले होते. पाच वर्षं हा आकडा त्यांनी पाटीवर लिहिला. बराच वेळ पुसला नाही.

खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना मात्र काकांचंच गाणं ऐकावं लागत होतं. पहाटे साडेपाचला मोरीत उभं राहून गुळण्या. पेलाभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, मान मागे, नजर छताच्या कोळिष्टकांवर. आधी खर्जातला घोळ, मग मधल्या सप्तकात एक लांब खडखडाट, मग सम. पचकन. मोरीत पाणी आदळलं की वरच्या मजल्यावरचा मुलगा टाळी वाजवायचा. सहाव्या दिवशी खर्जात जरा गोलाई आली. सातव्या दिवशी 'ओ' उमटला, फाटका पण ओळखू येईल असा. औषध घेतलं तर सात दिवस आणि नाही घेतलं तर आठवडा, हे डॉक्टरांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. वैद्यबुवांनी श्रेय सितोपलादीला दिलं, सियागंजच्या मित्राने जोशांद्याला, पुजाऱ्यांनी तेलाला. काकूंनी तिन्ही श्रेयं वेगवेगळ्या वेळी, त्या त्या माणसासमोर मान्य केली.

आठव्या दिवशी संक्रांत होती. गल्लीत मुलांचा गिल्ली-दांडा चाललेला, आकाशात पतंग. शेजारच्या मुली तिळगूळ घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काका, घ्या आणि गोड बोला." सगळं घर काकांकडे बघू लागलं. काकांनी तिळाचा लाडू तोंडात टाकला, पाणी प्यायले, खाकरले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भिया! दोन प्लेट! सेव जास्त!"

पोहेवाल्याने डाव उंचावून सलामी दिली. काकू म्हणाल्या, "आवाज आला वाटतं. मग आता नातवाची पाटी त्याला द्या."

नातवाने पाटी घेतली, त्यावरचं 'मी २०२४ ला…' पुसलं आणि पतंग काढला. संध्याकाळी गुप्ताजी तिळगूळ खायला आले. महागाई, महापौर, मेट्रो आणि मल्हारराव या सगळ्यांवर काका दोन तास खणखणीत बोलले. मग गुप्ताजींनी हळूच विचारलं, "आता तर आवाज आलाय. सांगा, कोणतं बटण दाबलं होतं?"

काकांनी गळ्याला हात लावला, कसनुसा चेहरा केला आणि मान हलवली. त्या एका प्रश्नापुरता त्यांचा घसा अजून बसलेलाच आहे.